उघडून बघू जरा

सकाळी कुणी ‘फलाट क्रमांक दोन’ म्हणालं की माझा हात आजही बादलीकडं जातो. बदली होऊन बरेच पावसाळे झाले. आता माझं स्वतःचं न्हाणीघर आहे, गीझर आहे, दाराला आतून लागणारी कडी आहे. पण सवय ती सवय. वाटूरला मी ज्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची, त्या घरमालकांनी ती लावली. त्यांनी लावलेली कुठलीच गोष्ट सहजासहजी निघत नसे, आणि काढलेली कुठलीच गोष्ट सहजासहजी परत बसत नसे.

काका बसस्टँडवर कंट्रोलर होते. जन्मभर खिडकीत बसून त्यांनी माईकवर गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर माईक स्टँडवरच राहिला, पुकारा तेवढा घरी आला. सकाळी चुलीवरचं पाणी तापलं की अंगणातून नाकातला आवाज यायचा, प्रत्येक शब्दाची शेपटी ओढत: “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवर गरम पाणी लागलेले आहे. शाळेत जाणाऱ्या मॅडमनी आपल्या बादलीसह त्वरित येण्याची कृपा करावी. गाडी जास्त वेळ थांबणार नाही.” पुकारताना अशी पुस्तकी भाषा, आणि पुकारा संपला की लगेच आपली नेहमीची, “या की मॅडम, जल्दी! थंड व्हून राह्यलं.”

फलाट क्रमांक एक म्हणजे स्वैपाकघर. दोन म्हणजे न्हाणी. तीन कुठला ते मी इथं लिहीत नाही, पण तो रिकामा झाला की त्याचाही पुकारा व्हायचा, आणि समोरच्या दादारावांच्या सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. पहिल्या आठवड्यात मला इतकी लाज वाटली की खोली सोडायचा विचार केला. पुढच्या आठवड्यात मीच आतून ओरडायला लागले, “काका, आज गाडी लेट हाय का?”

लोकांच्या बैठकीत टीव्ही असतो, शोकेस असते, शोकेसमध्ये कधीच न वापरलेले कप असतात. काकांच्या बैठकीत अवजारं होती. भिंतीला फळी ठोकून तिच्यावर पकडी, पान्हे, हातोड्या, करवती, पेचकस, टेस्टर, रंधा, एक ड्रिल मशीन. शिडी तेवढी अंगणात आडवी निजलेली असायची. अंघोळ झाली की काका तेलकट फडकं घेऊन एकेकाचं अंग पुसायचे. काकू देवघरातून बोलायच्या, “देवाला फूल न्हाई, अन् पान्ह्याला तेल!”

“देव गंजत न्हाई,” काका म्हणायचे.

गल्लीत कुणालाही काही लागलं की यायचं काकांकडं. ते कधी नाही म्हणत नसत. नियम मात्र एक होता. “अवजार एकटं जात न्हाई. गाडी म्हणली की कंडक्टर आलाच.” म्हणजे तुम्ही पक्कड मागितली की पकडीसंगं काका यायचे. पक्कड हातात, चप्पल पायात, चष्मा कपाळावर. आले की खुर्ची मागायचे, खुर्ची आली की चहा यायचाच, आणि चहा पिता पिता त्यांची नजर तुमच्या घरभर फिरायची. तीच खरी धोक्याची वेळ.

दिवाळीच्या आधी जळमटं काढायला मी शिडी मागितली होती. काका शिडी घेऊन आले, माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले आणि मी वर चढल्यावर खालून मला दिशा द्यायला लागले. “येऊ द्या, येऊ द्या, डाव्या अंगाला, अजून येऊ द्या, बस्स!” मागं घेतलेल्या बसगाडीसारखी मी कोपऱ्याकोपऱ्यात लागत होते. जळमटं निघाली. मी उतरले. काकांची नजर वर पंख्यावर खिळली होती.

“मॅडम, हा पंखा आवाज करून राह्यलाय.”

“न्हाई हो काका. चांगलाय.”

“बाहेरून चांगलाय. आतून करून राह्यलाय. उघडून बघू जरा.”

हे तीन शब्द ऐकले की आमच्या गल्लीतल्या बाया आपापले मिक्सर पदराखाली घ्यायच्या. मी नवीन होते, मला कुठं ठाऊक! पंखा उतरला, उघडला, परत बंद झाला, परत चढला. बटण दाबलं तर फिरलाही, अगदी झोकात. फक्त वारा खाली येईना. सगळा छताकडं चालला होता.

“काका, वारा वर जातोय!”

“बराबर हाय. गरम हवा वर असती का न्हाई? तिला आधी हाकलून राह्यलाय तो. खालची पाळी मंग.”

ती पाळी यायला आठवडी बाजार उजाडला. काका पिशवी घेऊन बाजारात गेले आणि काकूंनी गपचूप वायरमनला बोलावून पंखा सुलटा करून घेतला. संध्याकाळी काका माझ्या खोलीत डोकावले, अंगावर वारा घेतला आणि समाधानानं म्हणाले, “पाह्यलं? मशीनला बी टाइम द्यावा लागतो.” काकूंनी माझ्याकडं बघून, गप राहा म्हणून, डोळे मिटले. गल्लीतली निम्मी यंत्रं अशीच बाजाराच्या दिवशी बरी होत, आणि काकांना त्याचा पत्ता नव्हता. असला तरी त्यांनी कधी दाखवलं नाही.

आमच्या शाळेतल्या एका सरांनी नवं घर बांधलं, तेव्हाची गंमत. सरांना बैठकीत बाबासाहेबांचा मोठा फोटो लावायचा होता. ड्रिल मागायला आले, ड्रिलसंगं काका गेले, करमणूक म्हणून मीही गेले. काकांनी फोटो लावला, वर सपाटी बघायची पाणसाळ धरली, बुडबुडा मधोमध आणला आणि खाली उतरले. बघतो तर फोटो वाकडा. सर म्हणाले, “काका, जरा उजवीकडं…” काकांनी परत पाणसाळ लावली. बुडबुडा मधोमध. मग त्यांनी पाणसाळ छताच्या कडेला लावली, दाराच्या चौकटीला लावली आणि कंबरेवर हात ठेवून निकाल दिला, “सर, फोटो बिलकुल सरळ हाय. बाबासाहेबांचा हाय, तो वाकडा राहीलच कसा? घर वाकडं हाय. गवंड्याला बोलवा.” सरांच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. पण ते खरं निघालं हो! गवंड्यानंही कबूल केलं. त्या घरात अजून पाहुणे बैठकीत बसले की मान थोडी तिरकी करून चहा पितात.

शाळा साडेदहाची, त्यामुळं सकाळी ओट्यावर आमची बैठक बसायची. काकू भाजी निवडायच्या, मी तपासायचे पेपर घेऊन बसायची, दादाराव समोरून कडुनिंबाची काडी चावत यायचे. त्यांचं पुढच्या रस्त्याला रान, कापूस आणि सोयाबीन. बोलायचे विषय म्हणाल तर झाडणं, पुसणं, कोणती विळी चांगली, कुणाच्या घरात काय नवीन आलं. आणि काय बिघडलं, हे मात्र कुणी बोलायचं नाही. दादाराव एकदा चुकले.

“आमचा फवारणीचा पंप थुंकून राह्यलाय. फवारा न्हाई, नुसता थुंकतो.”

काका अर्धे उठले. “नोझल असंल. उघडून…”

“न्हाई न्हाई काका! मी आपलं सहज बोललो. व्हईल तो बरा.”

“कुकरची शिट्टी बी काल उशिरा झाली,” काका माझ्याकडं वळले, “मी ऐकलं.”

“मीच उशिरा लावला होता काका.”

“कुणाचं काही बिघडलेलं न्हाई,” काकू मेथीची जुडी आपटून म्हणाल्या. “बसा खाली. चहा प्या.”

काकांचा एक शौक होता, बाजारातल्या बहुगुणी वस्तू आणण्याचा. एकदा त्यांनी एक हत्यार आणलं. सालं काढा, किसा, चिरा, बाटलीचं झाकण उघडा, सुरीला धार लावा, सगळं एकात. विकणाऱ्यानं तिथं बटाट्याची सालं अशी काढली म्हणे की बटाट्यालाही कळलं नाही. घरी काकूंनी बटाटा धरला, तर साल निघेना, बोटाची निघाली.

“बटाटा बराबर न्हाई,” काका म्हणाले.

“जी वस्तू पाच कामं करती ती एक बी धड करीत न्हाई,” काकू बोटाला हळद लावत म्हणाल्या. “आमच्या घरात हाय एक तसली. हिंडती-फिरती.”

काका खो खो हसले. त्यांना बायकोची बोलणी फार आवडायची. खरं सांगायचं तर तोच त्यांचा सकाळचा फराळ होता. काकूंच्या तोंडाला दिवसभर खंड नव्हता, आणि काकांना त्याची अशी सवय की त्या जरा गप्प झाल्या तर ते अस्वस्थ व्हायचे. “काहून गप हाय? बरं न्हाई का? बोल की काहीतरी.”

आणि त्याच काकू अशा गप्प झाल्या की काय सांगू.

काकूंचं स्वतःचं असं एकच अवजार होतं. शिलाई मशीन, पायानं चालवायची, आईनं लग्नात दिलेली. माहेरच्या धावड्याहून बैलगाडीत बसून ती वाटूरला आली होती. गल्लीतल्या बायांची पोलकी काकू शिवायच्या आणि उरल्या चिंध्यांतून घरातल्या प्रत्येक वस्तूला अंगरखा. मिक्सरला झबलं, पंख्याला टोपरं, पाण्याच्या मोटरीला सुद्धा कळ्यांचा परकर. दुपारी मशीनची खडखड सुरू झाली की घर कसं भरल्यासारखं वाटायचं. या मशीनला हात लावायची काकांना बंदी होती. “मी मेल्यावर उघडा,” काकूंनी सांगून ठेवलेलं.

त्या वर्षी काकूंच्या भाच्याला मूल झालं. धावड्याचा हा भाचा लहानपणी शाळेसाठी वाटूरला यांच्याकडंच राहिलेला, काकूंच्या हातचं खाऊन वाढलेला. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती, नवससायास झाले होते, सगळ्यांनी आशा सोडली होती, तेव्हा हे लेकरू आलं. बाळाला सख्खी आत्या नव्हती. बारशाला आत्यानं कुंची न्यायची असते, ती काकूंनीच न्यायची ठरली. कुंची म्हणजे डोक्यावरून पाठीवर येणारं बाळाचं ते टोपरं. काकूंनी आपल्या गेलेल्या आईचं इरकली लुगडं ट्रंकेतून काढलं, त्याचे काठ मोडले, कुंची बेतली, कापली आणि मला दाखवताना त्यांचे डोळे भरून आले. “मॅडम, माझी आई न्हाई राह्यली बघायला. पण तिच्या लुगड्यात निजंल की लेकरू.” मग बारशाच्या तयारीसाठी त्या चार दिवस भावाकडं गेल्या. शिलाई आल्यावर करायची होती.

इकडं काकांनी ज्वारीच्या कोठीतून एक खोकं बाहेर काढलं. त्यात मशीनला लावायची विजेची मोटर होती.

“हिचे गुडघे लई ठणकतात मॅडम. सांगत न्हाई, पण उठताना भिंत धरती. ही मोटर लावली की पायाचं कामच न्हाई. बटन दाबायचं, झालं.”

“काकूंना विचारलं का?”

“विचारल्यावर सरप्राईज काय राह्यलं?”

मोटर लावायला मशीन उघडायची गरज नव्हती हो. पट्टा बदलला असता तरी भागलं असतं. पण पट्टा काढताना म्हणे आतून कुरकुर ऐकू आली. उघडून बघू जरा! रविवारी सकाळी मी ओट्यावर गेले तर काका बनियनवर बसलेले, मशीन पोटातून रिकामी, आणि तिचं सगळं आतडं-कातडं काकूंच्या पीठ मळायच्या परातीत, डिझेलमध्ये भिजत पडलेलं. एक भाग जाम होता, तो त्यांनी हातोडीनं सैल केला होता. “परवापर्यंत फिट करतो. ही यायच्या आत,” असं ते म्हणत होते तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. भावाच्या गावची जीप मंठ्याला निघाली होती, म्हणून काकू लवकर आल्या होत्या.

त्या दारात उभ्या राहिल्या. मशीनकडं बघितलं. परातीकडं बघितलं. काका म्हणाले, “ऐक, तुझ्या गुडघ्यासाठी…” मी डोळे घट्ट मिटून घेतले, म्हटलं आता फुटतोय बाँब.

काही फुटलं नाही. काकूंनी पिशवी ठेवली, पाय धुतले, कापलेली कुंची उचलून ट्रंकेत ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसल्या. परात नव्हती म्हणून ताटात पीठ मळलं.

मग अबोला सुरू झाला. अबोला काकांशी, बाकी सगळ्यांशी बोलणं चालू. आणि मधे सापडले मी.

“मॅडम, यांना सांगा, भाकरी झाली.”

“मॅडम, हिला सांगा, मी ऐकलं.”

“यांना म्हणावं, ऐकलं तर मंग बसा जेवायला.”

दोघांच्यात हातभर अंतर, आणि मी कोपऱ्यात पोपटासारखी बडबडतेय. मी शाळेत गेले की काकू तुळशीशी बोलायच्या, “तुळसाबाई, दूध नासलंय, कुणी आणायचं त्यानं आणावं.” काका सकाळी पुकारा करून बघायचे, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक एकवर चहा अद्याप लागलेला नाही…” आतून भांड्याचाही आवाज यायचा नाही. चहा यायचा, मुकाट, स्टीलच्या पेल्यात. काका तो हातात धरून बसायचे. थंड व्हायचा.

बारसं जवळ आलं. काकांनी मशीन फिट केली. चालू केली तर वरून टाके सुरेख आणि खालून शेवयांचा गुंता. परत उघडली, परत लावली. एकदा मोटर लावून बटण दाबलं तर मशीननं त्यांचा हातरुमाल गिळला तो गिळलाच. गल्लीतल्या बायांनी काकूंना आपापल्या मशिनी देऊ केल्या. काकूंनी मान हलवली. “माझ्या आईचं लुगडं हाय. तिच्याच मशीनवर व्हईल, न्हाई तर न्हाई होणार.” काकू हट्टाला पेटल्या की भिंत बरी. दादाराव म्हणाले, “काका, मंठ्याला कारागीर हाय, नेऊन दाखवू.” इतकी वर्षं सगळ्या गल्लीची यंत्रं उघडणारा माणूस, त्यानं आपली मशीन दुसऱ्यापुढं न्यायची! दोन दिवस ते नाही म्हणाले. मग एका सकाळी स्वतःच मशीन चादरीत बांधली आणि दादारावांच्या गाडीवर मागं बसले.

दुपारी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. हातोडी लागून आतला एक भाग चिरला होता. तसला जुना भाग मिळायला वेळ लागणार होता. बारशाच्या आधी मशीन होणं शक्य नव्हतं.

कुंचीचं काय, ही काळजी होतीच. पण मला खरी भीती दुसरीच वाटत होती. आत्या रिकाम्या हातानं बारशाला गेली, तर काकू या माणसाशी परत कधी बोलतील असं मला वाटेना. काकांनाही ते कळलं असावं. त्या दिवशी त्यांनी अवजारं पुसली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर आले. पाणी तापलेलं नव्हतं, चहा व्हायचा होता. दादाराव काडी चावत समोर उभे, त्यांच्या सुना अंगण झाडत होत्या. काकांनी घसा साफ केला.

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे.” आवाज तोच, नाकातला. सुना हसायच्या तयारीत थांबल्या. “शिलाई मशीन ही गाडी रद्द करण्यात आलेली आहे. गाडीत बिघाड नव्हता. गाडी चांगली होती. बिघाड कंट्रोलरनं केलेला आहे. त्याला येत न्हाई. त्याला कधीच येत न्हवतं. बाईच्या आईची आठवण होती ती…” इथं आवाज नाकातून घशात आला. “गैरसोयीबद्दल दिलगीर हाय. मीच.”

कुणी हसलं नाही. दादारावांनी तोंडातली काडी काढली. लोकांची आयुष्यभर माफी मागितली होती त्या माणसानं, उशिरा आलेल्या गाड्यांसाठी, पंक्चर टायरांसाठी, दुसऱ्यांच्या चुकांसाठी. स्वतःच्या चुकीसाठी मागताना त्याला शब्द सापडेनात.

आतून ट्रंकेची कडी वाजली. काकू बाहेर आल्या, ओट्यावर मांडी घालून बसल्या, कुंचीचे तुकडे मांडीवर पसरले. मग एका हातात सुई आणि एका हातात दोरा घेऊन दोन्ही हात काकांच्या पुढं धरले. त्यांना सुईचं नाक दिसत नव्हतं.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. दोरा ओठात ओला केला. पहिल्यांदा चुकला, परत चुकला, पुन्हा ओला केला. आम्ही सगळे श्वास धरून उभे, जणू मोठं ऑपरेशन चाललंय. एकदाचा दोरा ओवला. काकूंनी सुई घेतली आणि पहिला टाका घातला.

बारशापर्यंत रोज सकाळी तेच. काकू हातानं शिवायच्या, काका शेजारी बसून सुया ओवून ठेवायचे, आपल्या पेचकसांसारख्या ओळीत. एकदा न राहवून म्हणाले, “मॅडम, हिला सांगा, सुई अशी तिरपी धरली तर…” काकूंनी नुसती कात्री वर केली. काकांनी पुढची सुई ओवायला घेतली. शेवटच्या सकाळी काकूंची बोटं आखडली, सुई धरवेना. पाठीमागची पट्टी तेवढी राहिली होती. काकूंनी कुंची हळूच काकांच्या मांडीवर सरकवली आणि आत निघून गेल्या. काकांनी ती पट्टी शिवली, जीभ बाहेर काढून, घाम पुसत. टाके कसे म्हणाल तर माझ्या पहिलीतल्या पोरांच्या ओळी, एक आभाळात, एक पाताळात.

बारशाला मलाही नेलं. “मधे बोलायला कुणी नको का?” असं काकूंनीच मला सांगितलं, काकांच्या देखत. जालन्याला गाडी बदलून धावड्याला जाईपर्यंत मी तिघांच्या बाकावर मधे. डावीकडून, “यांना सांगा, खिडकी लावा.” उजवीकडून, “हिला सांगा, काच अडकलीय, उघडून…” “यांना सांगा, हात आवरा.” कंडक्टर माझ्याकडं दयेनं बघत होता.

धावड्याला घर पाहुण्यांनी भरलेलं. बायांनी कुंची हातोहात फिरवली. “आत्याबाईंनी हातानं शिवली की काय! मशीनला जमणार न्हाई असे टाके हायेत.” काकूंची भावजय पाठीमागची पट्टी बघून हळूच म्हणाली, “वन्सं, हितं जरा वाकडं झालंय. आमच्या मशीनवर मारू का? दोन मिनिटात होईल.”

“न्हाई,” काकूंनी कुंची काढून घेतली. “ते तसंच राहील. ते यांनी घातलंय. त्याला हात लावायचा न्हाई कुणी.”

काका पुरुषांच्या घोळक्यात लांब उभे होते, पण त्यांनी ते ऐकलं. मला दिसलं. त्यांनी चष्मा काढला आणि उगीच पुसत बसले.

बाळाला कुंची घातली, पाळण्यात ठेवलं. बायांनी पाळणा म्हटला, काकूंनी बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र केलं, काकूंच्या पाठीत बुक्क्या बसल्या, घुगऱ्या वाटल्या. गडबड जरा ओसरली तेव्हा मी बघते तर काका पाळण्याजवळ पोचलेले. मान वर, डोळे आढ्याच्या कडीवर, आणि हात निघालाय कडीकडं, अगदी हळू, सगळ्यांना दिसेल असा. खिशात पक्कड नाही, पेचकस नाही, काही नाही. मला आजही वाटतं, त्या माणसाला कडीचं काही पडलं नव्हतं.

“अहो!” काकूंचा आवाज माजघरातून असा आला की घुगऱ्या खाणारे सगळे जागच्या जागी थांबले. “त्या कडीला हात लावाल तर बघा! लेकरू हाय त्याच्यात! कळतंय का काही? एक मशीन खाल्ली, आता पाळणा खाता का? व्हा बाजूला! व्हा म्हणते ना!”

काकांनी दोन्ही हात खिशात घातले आणि गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. तोंड असं झालेलं की बारसं बाळाचं नव्हे, त्यांचंच झालंय.

“मॅडम, ऐकलं? बोलली. मला बोलली, डायरेक्ट!”

परतीच्या गाडीत मी पुढच्या बाकावर खिडकीशी एकटी बसले. मागच्या बाकावर दोघांचं जालना येईपर्यंत भांडण चालू होतं.